तपासून पाहिले

मावशींनी तो चंदेरी लॅपटॉप कोपऱ्याला बोट लावून उघडला, मिटला, परत उघडला. विक्रेता घाईने पुढे झाला. असं उघडायचं नसतं, झाकण मधोमध धरायचं, असं त्याने समजावलं.

"पोरं असंच उघडणार," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या हातात वही असते त्यांच्या."

समितीत आम्ही तिघे होतो. प्राचार्य, विभागप्रमुख आणि नोकरीत सगळ्यांत नवा असा मी. एका देणगीतून कॉलेजातल्या दोनशे चाळीस गरजू विद्यार्थ्यांना लॅपटॉप द्यायचे होते आणि कुठला घ्यायचा ते त्या दिवशी ठरणार होतं. मावशी समितीत नव्हत्या. त्या संगणक प्रयोगशाळेच्या परिचर. नमुने टेबलावर मांडायचे आणि शेवटी तपासणीच्या कागदावर सही करायची, एवढंच त्यांच्याकडे. ती सही मात्र गेली अठरा वर्षं त्यांचीच असायची, कारण आलेलं यंत्र खरोखर हाताळून बघणारं कॉलेजात दुसरं कुणी नव्हतं.

त्या नोकरीला लागल्या होत्या टेबलं आणि मॉनिटर पुसायला. दुरुस्तीला बाहेरून एक माणूस यायचा, तेव्हा मावशी हातात फडकं घेऊन त्याच्या मागे उभ्या राहायच्या. पुढे तो येईनासा झाला आणि बंद संगणकांची रांग लागली. एका शनिवारी प्रयोगशाळा रिकामी असताना त्यांनी त्यातला एक उघडला. कागदावर त्याचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने डकवून ठेवला. संध्याकाळी संगणक सुरू झाला. सोमवारी सगळ्यांना वाटलं, तो माणूस येऊन गेला. मावशींनी तसंच वाटू दिलं. "आधी विचारलं असतं तर हात लावू दिला असता का?" असं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

टेबलावर दोन लॅपटॉप होते. एक चंदेरी, वहीसारखा पातळ. दुसरा काळा, जाडजूड. किमतीत फारसा फरक नव्हता. प्राचार्यांना चंदेरी बघताक्षणी आवडला. वाटपाच्या समारंभात तो शोभून दिसेल, असं ते म्हणाले आणि विभागप्रमुखांनी मान डोलावली. मावशींनी दोन्ही उलटे केले. काळ्याच्या पाठीवर स्क्रू होते. चंदेरीची पाठ सपाट.

"हा उघडायचा कसा?"

विक्रेता हसला. उघडायची गरजच नाही, बॅटरी आत चिकटवलेली आहे, सगळं बंदिस्त आहे, काही झालंच तर कंपनीच्या केंद्रात पाठवायचं, असं त्याचं उत्तर. किती दिवसांत परत येतो, या प्रश्नाला मात्र त्याने केंद्राकडे बोट दाखवलं.

मग मावशी बोलल्या. ही मुलं उभ्याने प्रवास करून येतात, दप्तरं एकमेकांवर फेकतात, घरी टेबल नसतं म्हणून लॅपटॉप गादीवर ठेवून काम करतात. आधी बिजागरी जाते, मग बॅटरी. काळा दिसायला बोजड असला तरी त्याच्या या दोन्ही गोष्टी इथल्या इथे बदलता येतील. सगळं त्यांनी एका सुरात सांगितलं, पाठ केलेलं नसूनही कुठे न अडखळता.

प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सूचनेची नोंद घेतली असं म्हणाले आणि चंदेरी लॅपटॉपचा कागद मावशींसमोर सरकवला. त्यावर छापलेलं होतं, 'तपासून पाहिले. विद्यार्थ्यांच्या वापरास योग्य.' मावशींनी तो वाचला आणि पेन खाली ठेवलं.

विभागप्रमुखांनी आवाज खाली आणून समजूत काढली. निर्णय समितीचा आहे, उद्या काही झालं तर तुमच्यावर येणार नाही, ही नुसती औपचारिकता आहे.

"मी तपासलंय, सर," मावशी म्हणाल्या. "म्हणूनच सही करत नाही."

प्राचार्यांनी कागद परत ओढून घेतला. मग तो कागद माझ्यासमोर आला. माझी नोकरी कायम व्हायला चार महिने उरले होते. मी सही केली. मावशींनी त्या वेळी माझ्याकडे बघितलं नाही, तेवढी मेहेरबानी केली.

आठवड्याभरात त्यांची बदली तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. त्यांची मुलगी, दवाखान्यात परिचारिका असलेली, घरी त्यांच्यावर खूप चिडली. एका सहीसाठी कुणी एवढं करतं का, असं तिने विचारलं. त्यावर मावशींनी तिला सांगितलं, "माझ्याकडे एकच आहे ना ती."

समारंभ झाला, फोटो छान आले. प्रत्येकाकडे लॅपटॉप आला म्हटल्यावर प्रयोगशाळा हवी कशाला, म्हणून तिथे बैठकांची खोली केली आणि जुने संगणक तळघरात नेऊन टाकले.

पाचव्या महिन्यात बिजागऱ्या तुटायला लागल्या. झाकणाबरोबर आतली वायर तुटे आणि पडदा काळा पडे. काहींच्या बॅटऱ्या फुगल्या. केंद्रात गेलेला लॅपटॉप दीड महिना परत येत नव्हता, आणि प्रकल्प सादर करायला दोनच आठवडे होते. एक मुलगी पिशवीत लॅपटॉपचे दोन तुकडे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला घेऊन तळघरात गेलो.

मावशींनी तो लॅपटॉप उलटा केला, कडेच्या फटीवरून नख फिरवलं आणि खाली ठेवला. "हे माझ्याच्यानं होणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. मग त्यांनी मुलीला विचारलं, काम कुठे साठवलंस? तिने पेनड्राइव्ह दाखवला. मावशी आम्हाला कपाटांच्या मागे घेऊन गेल्या.

तिथे भिंतीला लागून नऊ जुने संगणक मांडलेले होते. पुसलेले, जोडलेले, चालू. जेवणाच्या सुट्टीत एकेक करून त्यांनी ते उभे केले होते.

"हे करायला कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"नको करू असं कुणी सांगितलं नव्हतं."

दोन दिवसांत तळघरात चाळीस मुलं यायला लागली. मावशींनी तासांचा तक्ता करून दाराला लावला. चौथ्या दिवशी प्राचार्य जिना उतरून आले. या खोलीत विद्यार्थ्यांना यायची परवानगी नाही, हे आत्ताच्या आत्ता बंद करा, असं त्यांनी बजावलं. कळफलकांचा आवाज थांबला.

मावशी उठून उभ्या राहिल्या. "करते, साहेब. तेवढं लेखी द्या. कारणही लिहा."

कारण काय लिहायचं ते माझं मी बघेन, असं प्राचार्य म्हणाले.

"मग हेही लिहा, की दोनशे चाळीस लॅपटॉप वाटलेत, तरी पोरं इथे बसलीत."

प्राचार्यांनी माझ्याकडे वळून माझं मत विचारलं. मी म्हणालो, त्या कागदावर मी सही केली तेव्हा तो लॅपटॉप हातातसुद्धा घेतला नव्हता. तोपर्यंत माझी नोकरी कायम झाली होती, त्यामुळे यात फार मोठं धाडस नव्हतं. प्राचार्य आल्या पावली परत गेले. लेखी काहीच आलं नाही. प्रकल्प सगळ्यांचे सादर झाले.

मावशींना मात्र कुणी वर परत बोलावलं नाही. दीड वर्षाने त्या तळघरातूनच निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्या दाखला घ्यायला कार्यालयात आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. दाखल्यावर त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीपुढे 'परिचर, अभिलेख कक्ष' एवढंच लिहिलं होतं. मावशींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि लिपिकाला परत दिला. संगणक प्रयोगशाळा लिहा, म्हणाल्या. लिपिकाने घड्याळाकडे बघितलं आणि उद्या यायला सांगितलं.

"उद्या मी इथे कुणीच नाही," मावशी म्हणाल्या. "आजच द्या."

त्या समोरच्या बाकावर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन, ताठ. माणसं येत होती, जात होती. साडेपाचला लिपिकाने एक सुस्कारा सोडला आणि प्रिंटर सुरू केला.