दुसरी फाइल

कपड्यांचे नमुने आखायचा तो प्रोग्राम ओग्न्यानने बारा वर्षं एकट्याने वाढवला. प्लोव्दिव्ह शहरातले निम्मे शिवणखाने त्यावर चालत. पण शाबासकी म्हणाल तर वर्षाकाठी एखादी, तीही नाताळात, दोन घोट पोटात गेल्यावर. आणि तीन महिन्यांपूर्वी आलेल्या व्याराने केलं काय, तर नमुन्याच्या फाइलला कात्रीचं चित्र लावलं आणि तिच्यावर डबल-क्लिक केलं की प्रोग्राम आपोआप उघडेल अशी सोय केली. झालं. मालक बोझिदार उठता-बसता व्यारा, व्यारा. सोमवारी अकरा वेळा. ओग्न्यानने मोजलं होतं.

मंगळवारी त्याला तिची चूक सापडली. व्यारा दर वेळी प्रोग्राम बंद करून मगच तपासायची. तो आधीच उघडा असेल, तर दुसऱ्या डबल-क्लिकला त्याची पडद्यावरची खिडकी नुसती पुढे यायची. नवी फाइल वाटेतच गळायची आणि समोर जुनाच नमुना. ओग्न्यान गप्प बसला. शुक्रवारी त्सोन्काबाईंच्या शिवणखान्यात हे सगळं दाखवायचं होतं, आणि त्यानंतर बोझिदार गटप्रमुख नेमणार होता.

शुक्रवारी अडतीस मापाचा कोट झोकात उघडला. "गुणाची आहे हो तुमची ही नवी पोरगी," त्सोन्काबाई बोझिदारला म्हणाल्या. मग त्यांनी शेहेचाळीसच्या फाइलवर डबल-क्लिक केलं. खिडकी पुढे आली. कोट तो कोटच, कुणाला काय कळतंय.

"मेतोदी, शेहेचाळीस आलाय. घे कापायला."

कापणाऱ्या मेतोदीने लोकरीच्या वीस थरांवर पडद्यावरच्या नमुन्याप्रमाणे कापणारं यंत्र टेकवलं. ओग्न्यानने तो क्षण पुरेपूर चाखला. मग मात्र त्याच्याने राहवेना.

"थांबा, तो अडतीसच आहे. प्रोग्राम उघडा असला की दुसरी फाइल आत पोचतच नाही. कोडच्या चार ओळी राहिल्यात लिहायच्या."

मेतोदीने हात आवरला. व्यारा कानापर्यंत लाल झाली.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर कीबोर्डला हातही लावला नाहीत. मग कळलं कसं?"

बोझिदार वळला. "खरंच की. कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून."

"आज शुक्रवार, भाऊ," त्सोन्काबाई म्हणाल्या. "आणि कापड माझं होतं."

परतताना गाडीत व्यारा पुढे बसली, ओग्न्यान मागे, मांडीवर सगळ्यांच्या बॅगा घेऊन. सोमवारपासून गट व्यारा बघेल, असं बोझिदारने वाटेतला पूल ओलांडण्याआधीच सांगून टाकलं.

"काका, त्या चार ओळी दाखवाल मला?" व्याराने मागे वळून विचारलं.

"बघू," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. मंगळवारीच लिहून ठेवल्या होत्या त्याने.