कॅरिअरवरची टाच

भावोजींची फाइल काही केल्या मिटत नव्हती.

हॉस्पिटलातल्या प्रत्येक दुखण्याला कॉम्प्युटरमध्ये त्याचा ठरलेला कोड नंबर लावणं हे तिचं काम. नुसतं काय मोडलं ते लिहून भागत नाही. कशाने धडक दिली, माणूस सायकल चालवत होता की मागे बसला होता, सगळं लागतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं: सायकलला मोटारीची धडक, रुग्ण स्वतः चालवत होता. आणि खाली जखम: टाच मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये अडकून सोलली.

चालवणाऱ्याचे पाय पॅडलवर असतात. टाच मागच्या चाकात जाईल कशी? वॉर्डात फोन केला, तर "पेशंट सांगतो तेच लिहितो आम्ही." डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. कॉम्प्युटर लाल अक्षरांत तेच तेच बजावत होता: माहिती जुळत नाही. शेवटी फाइल बगलेत मारून, जिन्याशी भांडत असल्यासारखी पाय आपटत ती वर गेली.

भावोजी पाय उशीवर ठेवून पेपर वाचत होते. शेजारी स्टुलावर ताई जरा वाकूनच बसलेली.

"या कोडबाई! आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने?"

"भावोजी, सायकल कोण चालवत होतं?"

"मी. लिहिलंय ना?"

"मग टाच काय एकटीच मागे फिरायला गेली होती?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा फिस्सकन हसला. भावोजींनी पेपर तोंडापुढे धरला. "तुझ्या कोडात बसत नसेल तर कोड बदल. माझी टाच बदलायची नाही."

"जाऊ दे गं," ताई म्हणाली. "लिही हे म्हणतात तसं. कुणाचं काय अडलंय?"

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून भावोजी ताईच्या मागे कॅरिअरवर बसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मित्रांचा कट्टा जवळ आला की मात्र उतरून हँडल स्वतःच्या हातात घेत. म्हणजे हे लपवायचं होतं तर! तिला हसू येणार, तेवढ्यात ताईचा हात दिसला. डाव्या बरगडीखाली घट्ट दाबून धरलेला.

"काय होतंय?"

"पित्त असेल. सकाळपासून पोटात काही नाही."

"तुला तपासलं कुणी?"

"मला कशाला? मी तर मागे..." ताई अडखळली.

मागे बसलेला रस्त्यावर फेकला जातो. चालवणारा हँडलवर आदळतो, मार पोटात बसतो. अशा किती फायली तिच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि आज दुपारभर ती एका टाचेसाठी डोकं फोडत बसली होती.

"भावोजी, पेपर ठेवा खाली. हिच्याकडे बघा."

भावोजींनी बघितलं. ताईचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"सिस्टर!" भावोजींच्या ओरडण्याने अख्खा वॉर्ड दचकला. "ही चालवत होती! मी मागे होतो, मागे! हिला आधी बघा!"

पोटात रक्त साचत होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. थिएटरकडे नेताना ताईने स्ट्रेचरवरून बहिणीचा हात ओढला.

"यांचं जरा सांभाळून लिही गं. मित्र भेटायला येतील."

"ताई, फाइल वाचायला कुणीही येत नाही!" ती खेकसली, आणि दार बंद झाल्यावर तिथेच भिंतीला टेकून उभ्या उभ्या भावोजींच्या फाइलवर 'चालवत होता' खोडायला लागली. डोळे मात्र बंद दाराकडे, पेन काही केल्या चालेना.