जळालेल्यांचा दगड

आत्याबाईंना पाण्याआदी गावातनं बाहेर काढायचं, येवढं एकच माज्या डोक्यात व्हतं. आत्याबाई म्हंजे माजी सासू, तुळजाबाई. धरणाचं पाणी खालच्या भातखाचरात शिरलं व्हतं. सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात जाऊन आली, पण पाणी काय कुणाला इचारून चढतंय? निम्मं गाव उठलं. आमची म्हातारी मातर उठंना. "दगड हितं, तर मी बी हितं," म्हणायची.

ह्यो दगड गावाच्या येशीपाशी, कमरेइतका उंच. लई मागं पेंढारी आलं व्हतं, तवा त्येंनी गावातली अकरा माणसं गोठ्यात कोंडून जाळली. त्येंच्या अकरा बाहुल्या त्या दगडावर कोरल्यात. त्यातली एक आत्याबाईंच्या आजेसासऱ्याच्या बापाची, भिवाजीची. दर आवसेला आत्याबाई भाकर घेऊन जायच्या आन् अकराच्या अकरा बाहुल्यांशी बोलत बसायच्या. मी कितीदा चिडले! जित्त्या माणसांचं जेवण खोळंबायचं ना!

शेवटी मीच म्हणलं, "आत्याबाई, दगडच वर लेण्यात न्हेऊया की. तितवर पाणी चढायचं न्हाई."

म्हातारीचं डोळं चमाकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांनी आईला पाठुंगळी घेतली आन् आमी डोंगर चढलो. लेणं म्हंजे कातळात कोरलेलं देऊळ. आमी त्याला पांडवांचं म्हणतो. पण पुण्याचा एक मास्तर चित्र काढायला आलता, त्यानं सांगितलं, ह्ये बुद्धाच्या भिक्षूंचं हाय, दोन हजार वर्सांचं. आत मदोमद दगडाचा गोल घुमट, ना त्याला नाक ना डोळं. आत्याबाईंनी त्याच्यावर हात फिरवला.

"ह्यो कोण गं, रत्ना?"

"बुद्धाची खूण हाय म्हणं."

"हातात हत्यार न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग आपली माणसं हितं भ्यायची न्हाईत," म्हणाल्या. "पण आदी त्येंना इचारायला पायजे. न्हाई म्हणली, तर मी बी तितंच ऱ्हाणार."

आता आली का पंचाईत! आमच्याकडं इचारायचं म्हंजे कौल लावायचा. दगडाला भिजवलेलं दोन तांदूळ चिकटवायचं, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवा आदी पडला तर व्हय, डावा पडला तर न्हाई. तांदूळ घरच्या सुनेनं लावायचं, तशी रीतच हाय. म्या रातभर इचार केला. मग डावा तांदूळ गुळाच्या पाकात बुडवून डकवला, उजवा नुसता पाण्यानं. उजवाच पडला. आत्याबाई दगडाला मिठी मारून रडल्या. "येतो म्हणाला गं माजा भिवाजी!" मी खाली मान घालून उभी. पाप तर पाप, म्हातारी तर वाचंल, असं वाटलं मला.

मालकांनी पहार आन् कुदळ आणली. चौघं गडी खणाय लागलं. हातभर खणलं, दोन हात खणलं, दगडाचं बूड काय लागंना. दुपारी मालकांनी पहार टाकली आन् घाम पुसत म्हणालं, "आई, ह्यो पुरलेला दगड न्हाई. खालच्या कातळाचाच सुळका हाय. जबड्यातल्या दाढंवाणी. ह्यो न्हाई निघायचा."

"त्येंनी व्हय म्हणलंय, गेणबा," आत्याबाई म्हणाल्या. "व्हय म्हणलेल्यास्नी टाकून कशी जाऊ?" आन् खड्ड्याच्या काठाला बसल्या त्या बसल्याच. करायला गेले गणपती आन् झाला मारुती! मला रडूच फुटलं. म्या त्येंचं पाय धरलं.

"आत्याबाई, म्या लबाडी केली. डावा तांदूळ गुळानं डकवला व्हता. त्येंनी व्हय म्हणलंच न्हाई वो!"

त्येंनी माज्याकडं बघितलं. मग पदरानं माजं तोंड पुसलं. "येडे, मला उठवायसाठी आपल्या माथी पाप घेतीस व्हय? बावीस वर्सं झाली तुला ह्या घरात. कदी खोटं बोलली न्हाईस."

"पोरांची शप्पत, आत्याबाई!"

त्येंनी माज्या तोंडावर हात ठेवला. "पोरांची खोटी शप्पत घिऊ नगं."

तिसऱ्या दिवशी पाणी येशीला लागलं. मालकांनी आईला उचललं आन् खांद्यावर टाकलं. ती त्येंच्या पाठीवर बुक्क्या मारत व्हती, दगडाकडं हात करत व्हती. मी मागनं भांडी घेऊन चालले व्हते. मला वर बघवत नव्हतं.

आमी लेण्यात ऱ्हायलो. दोन दिसांनी दगड दिसंनासा झाला. आत्याबाई लेण्याच्या तोंडाशी बसून खाली बघत व्हत्या. म्हणाल्या, "रत्ना, बाहेर काढा म्हणत व्हती गं ती अकरा माणसं. दुसऱ्यांदा कोंडलं त्येंना. आन् ह्या बारीला आपुन कोंडलं."

म्या त्येंच्या म्होरं भाकर ठेवली. खरं काय ते तर आदीच सांगून झालं व्हतं.