बुधवारचा कोरा रकाना

'मैना' या संगणकाच्या भाषेला मालक नाही. तिचे पोट सगळ्यांना उघडे. कोणीही आत डोकावावे, खोट सापडली तर यादीत लिहावी, जमल्यास दुरुस्त करावी. या कामाला पगार नसतो, त्यामुळे माणसे हौसेने येतात आणि हौसेने भांडतात. त्यातली बरीच भांडणे तंजावरात, राजवाड्यामागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर मिटत. तिथे भारती राहत होती.

नोकरीचे काम सुरू होण्याआधी रोज तासभर ती मैनेच्या बगांची, म्हणजे खोटींची, यादी घेऊन बसे, तांदूळ निवडायला बसावे तशी. कोणती तक्रार खरी, कोणती अज्ञानातून आलेली, कोणती आधीच येऊन गेलेली. या शेवटच्या जातीवर 'डुप्लिकेट' असा शिक्का मारून ती बंद करायची असते, आणि हा शिक्का भारतीचा फार लाडका. तिच्याइतके शिक्के कोणी मारले नसतील. हाताला वळणच पडले होते.

यादीतला एक तक्रारदार तिच्या घरातच होता. सासरे वेंकटरमण राव, वय शहात्तर, कालव्यांच्या खात्यातून निवृत्त. खाते सुटले, पाणी सुटले नाही. रोज सकाळी मोपेड काढून ते तिरुवैयारूच्या वाटेवरच्या मदगूपाशी, म्हणजे कालव्याच्या दारापाशी, जात आणि खांबावरची खूण पाहून पाण्याची उंची वहीत टिपत. आठवड्याची सरासरी काढता यावी म्हणून भारतीने त्यांना मैना शिकवली. एक अटही घातली: भाषेची तक्रार जेवताना तोंडी सांगायची नाही, यादीत लिहायची. पानावर सांबार, यादीत बग. रावांना अट एकदम पसंत पडली. सरकारी माणूस, कागदावर विश्वास.

जुलैत त्यांनी तक्रार लिहिली. सहा दिवस पाणी चार फूट. बुधवारी दाढ काढायला गेल्यामुळे नोंद नाही, रकाना कोरा. सरासरी चार यायला हवी, पण मैना साडेतीनच्याही खाली सांगते, कारण कोऱ्या रकान्याला ती शून्य समजते. खाली त्यांच्या जुन्या वळणाच्या इंग्रजीत एक वाक्य होते: मी पाहिले नाही म्हणजे पाणी नव्हते असे होत नाही. भारतीला मनापासून कौतुक वाटले. तीन ओळी लिहून तिने बग दुरुस्त केला. राव नवी आवृत्ती चालवून 'ठीक' म्हणाले आणि विषय संपला.

तीन आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा आली. शब्द वेगळे, बुधवार तोच, दाढ तीच, आणि आधी लिहिल्याचा उल्लेखही नाही. भारतीने शिक्का मारला. दहा दिवसांनी तिसऱ्यांदा आली. या वेळी तिने शिक्क्याखाली लिहिले, 'ही तक्रार आपणच आधी दोनदा केली आहे. कृपया लिहिण्यापूर्वी यादी पाहावी.' ते पाठवल्यावर शेजारच्या खोलीत रावांची खुर्ची करकरली. तिला वाईट वाटले. शिक्का मात्र तिने काढला नाही.

त्या तिन्ही तक्रारी तिने नवऱ्याला दाखवल्या. गिरीश बँकेत होता आणि वडिलांवर त्याची आधीपासून नजर होती. नळ उघडा राहिला, एकच गोष्ट दोनदा विचारली, असे तो मनात मोजत आला होता.

"अतां तर लिवलेलेंच हाताशीं आहे," तो घरच्या तंजावरी मराठीत म्हणाला आणि चेन्नईला थोरल्या भावाला, साईरामला, फोन लावला. भावाभावांचे ठरले. मोपेड बंद, आणि रविवारी साईराम गाडी घेऊन येईल, अप्पांना कायमचे चेन्नईला नेईल. त्याचे घर दहाव्या मजल्यावर. तिथे पाणी टँकरने येते.

रावांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मदगु कोण पाहील?" त्यांनी मोपेडची चावी खिळ्याला अडकवली.

शनिवारी दुपारी यादीत फिनलंडमधल्या कोणा बाईची तक्रार आली. ती पाऊस मोजत असे. ज्या दिवशी मोजला नाही तो दिवस मैना कोरडा धरते, असे तिचे म्हणणे. भारतीचे बोट सवयीने शिक्क्याकडे गेले आणि तिथेच थांबले. ही बाई तर यादीत पहिल्यांदाच आली होती. ती काय विसरणार?

तिने रावांचा बुधवार काढून चालवून पाहिला. साडेतीनच्या खाली. पुन्हा चालवला. तेच.

मग तिने जुने बदल उलगडले. महिन्यापूर्वी एकाने मैनेतले सगळे गणित नव्याने लिहून पाठवले होते. ते आत घेताना त्याच्या ओळी आणि भारतीच्या तीन ओळी एकमेकींवर आल्या, आणि कोणाच्या ठेवायच्या या प्रश्नाला 'त्याच्या' असे उत्तर तिने स्वतःच दिले होते. तिथे तिचे नाव होते, तारीख होती. शिक्का मारायला तक्रार चालवून पाहावी लागत नाही, हीच त्याची सोय. तिला स्वतःची लाज वाटली. परक्या बाईचे म्हणणे तिने पाच मिनिटांत तपासले, आणि घरातल्या माणसाला तीच पाच मिनिटे दिली नव्हती.

राव बॅगेत शर्ट भरत होते. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसली.

"मामा, बग खरा होता. माजी दुरुस्ती माज्याच हातून पुसली गेली. तुम्हीं बरोबर होतांत."

रावांनी चष्मा लावून तिन्ही तक्रारी वाचल्या. पुष्कळ वेळ वाचल्या.

"बग खरा," ते म्हणाले. "पण हीं तिन्हीं मीच लिवलों?"

"हो, मामा."

"मज पयलीं दोन आठवत नाहींत."

ते रागावले असते तर तिला बरे वाटले असते. ते रागावले नाहीत. तिने त्यांच्यासमोरच तीन ओळी परत घातल्या, आणि पहिल्या वेळी आळसाने टाळलेले एक काम आता केले.

"हें कसालें?" त्यांनी विचारले.

"परीक्षा. मैनेंत कोणीं कांहींही बदललें कीं ही तुमचा बुधवार पुन्हां विचारते. उत्तर चुकलें तर बदल आंत येत नाहीं."

"दर वेळीं तेंच विचारते?"

"तेंच."

राव जरासे हसले. "मग माज्यासारखीच."

रविवारी साईराम आला. भारतीने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. साईरामचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे अप्पांना कांहीं जालें नाहीं?"

'नाहीं' भारतीच्या अगदी ओठांवर होते. राव आधी बोलले.

"तसें नव्हे. बग होता तें खरें, मी विसरलों तेंही खरें. दोन्हीं धरा." त्यांनी खिळ्यावरची मोपेडची चावी काढून सुनेच्या हातात दिली. "वंडी तूं चालीव. मी मागें बसतों. पाणी पाहायला डोळे आहेत."

साईरामने गिरीशकडे पाहिले, गिरीशने भारतीकडे. भारतीने चावी मुठीत धरली. संध्याकाळी साईरामची गाडी परत गेली, ती मागच्या सीटवर नारळांचे पोते घेऊन.

पुढच्या बुधवारी भारतीची ऑफिसची मीटिंग लवकर होती, जाता आले नाही. गुरुवारी दोघे मदगूपाशी पोचले. पाणी चार फूट. रावांनी वही उघडली आणि आदल्या दिवसावर पेन टेकवले.

"काल किती होतें?"

"काल आलों नाहीं, मामा. माजी मीटिंग होती."

त्यांनी रकाना कोरा ठेवला, गुरुवार भरला, वही पिशवीत घातली. परतताना मोपेड राजवाड्याच्या वळणाशी आली तेव्हा मागून त्यांनी विचारले, "काल किती होतें?"

भारतीने वेग कमी केला, मान थोडी वळवली आणि काल आपण का आलो नाही ते, मीटिंगसकट, पहिल्यापासून सांगितले.