प्रयागची रीत

१९७३ साली केनवडच्या हायस्कुलात नववीचे चौदा जण सहामाहीत गणितात नापास झाले. गणिताच्या तारामतीबाई त्यांना रोज सकाळी शाळेच्या आधी तासभर शिकवू लागल्या. गाव त्यांना चांगलं म्हणायला लागलं. ते ऐकलं की बाईंना कसंतरीच व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी याच वर्गात त्यांनी प्रयाग नावाच्या मुलीला बाकावर उभं केलं होतं. पेपरात एका गणिताचं तिचं उत्तर बरोबर होतं, पण पायऱ्या भलत्याच. नक्कल केली म्हणून बाईंनी शून्य दिलं. प्रयाग पुन्हा शाळेत आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पुढच्या वर्षी बाळंतपणात ती गेली. तेव्हापासून हजेरी घेताना मागच्या बाकावरून कुणी हळूच ‘हजर’ म्हटल्याचा बाईंना भास व्हायचा. त्या चौदांत प्रयागची धाकटी बहीण लीलाही होती. तिच्याकडे बघणं बाई टाळायच्या.

एका सकाळी हौदाचं गणित आलं. एक नळ हौद तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल? सगळे अपूर्णांकात अडकले. लीला उठली.

“सहा तास दोन्ही नळ चालू ठेवू. पह्यला दोन हौद भरते, दुसरा एक. सहा तासात तीन हौद. मंग एकाले दोन तास.”

प्रयागच्या पेपरात हेच होतं. 

“कुणी शिकवलं तुला?”

“प्रयागताईनं. पन थे मने, परीक्षेत असं लिहू नोको, बाई सून्य देतात.”

शाळा सुटल्यावर बाई लीलासोबत तिच्या घरी गेल्या. तिची आई चतुराबाई अंगणात ज्वारी पाखडत होती.

“प्रयागनं नक्कल केली नव्हती,” बाई म्हणाल्या. “तिचं गणित बरोबर होतं. चूक माझी.”

सूप थांबलं.

“म्या मारलं व्हतं तिले,” चतुराबाई म्हणाली. “बाई कायले खोटं बोलतीन, मनून. थे रडू रडू सांगे, माय, म्या सोताच केलं.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग चतुराबाईनं विचारलं, “काय व्हतं थे गणित? मले सांगा.”

बाई खाली बसल्या, धुळीत बोटानं हौद काढला. दोनदा सांगूनही चतुराबाईला उमजलं नाही. तिसऱ्यांदा ती पुटपुटली, “सहा तासात तीन... एकाले दोन,” आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाई फळ्याला हात लावण्याआधी मुलांना विचारू लागल्या, “तुम्ही कसं कराल?” वार्षिक परीक्षेत चौदांतले अकरा पास झाले. लीलाही. निकाल सांगायला बाई गेल्या, तेव्हा चतुराबाई दारातच उभी होती. ती दारातून बाजूला सरकली, बाईंना आत येता यावं म्हणून.