दाढीवाला डॉक्टर

बाबांनी तो जुना रहस्यपट जेवताना इतक्या वेळा रंगवून सांगितला होता, की लेकीला तो न बघताच पाठ होता. एकाकी बंगला, वादळ, जिन्यात हलणारा कंदील आणि शेवटी खुनी कोण, तर दाढीवाला डॉक्टर. "डॉक्टर" म्हणायच्या आधी बाबा घास खाली ठेवत.

बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदा घरात सिनेमा लागला होता, तोही तोच. तिला तो एक शब्द पुन्हा ऐकायचा होता, बस.

"ही बया दिवा का लावत नाही?" आईने विचारलं.

"लावला तर सिनेमाच संपेल, आई."

"मग शेजारी जावं."

"असल्या बंगल्यांना शेजारी नसतात."

आईची टकळी अशी सुरूच होती. शेवटी पडद्यावरची चाकांच्या खुर्चीतली अपंग मावशी टुणकन उठून उभी राहिली. खुनी तीच. डॉक्टर बिचारा नायिकेला वाचवायला धावत होता.

लेकीने तो भाग मागे नेऊन परत बघितला. मावशीच. बाबांचं म्हणून जे थोडंथोडकं उरलं होतं, त्यातलंही काही हातातून निसटल्यासारखं तिला वाटलं.

"बाबांनी तर शेवट बघितला होता ना?"

"बघितलाच की. मध्यंतरात मी घाबरून बाहेर आले. हे म्हणाले, तू बाकावर बस, मी शेवट बघून येतो. आले ते शेंगदाण्यांची पुडी घेऊन. हात भाजला माझा."

"थिएटरात गरम शेंगदाणे मिळायचे?"

"छे, भट्टी रस्त्यापलीकडे..." आई थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"म्हणजे बाबा आत गेलेच नाहीत."

"दुसऱ्या दाराने पळाले," आई म्हणाली आणि हसता हसता तिला चष्मा काढावा लागला. "आणि ह्यांच्या थापेपायी मी कोपऱ्यावरच्या दाढीवाल्या डॉक्टरला जन्मभर नाडी दाखवली नाही. ताप अंगात घेऊन त्या लांबच्या सफाचट डॉक्टरकडे तंगडतोड करत राहिले."

लेकही हसत सुटली. बऱ्याच दिवसांनी.

तेवढ्यात दादाचा परगावाहून फोन आला. "बघितलात? डॉक्टरच ना?"

तिने आईकडे पाहिलं. आईने हनुवटीखाली बोटांची दाढी करून दाखवली.

"डॉक्टरच," लेक म्हणाली. "दुसरं कोण असणार?"