पंचविशीच्या आतली ड्रायव्हर

मांजरीच्या मच्छिंद्रअण्णांच्या दारात एक पांढरी गाडी उभी असे आणि तिच्या चारी कोपऱ्यांचा पांढरा रंग निरनिराळा होता. एक कोपरा दुधासारखा, एक ताकासारखा, मागचा एक चुन्यासारखा, दुसरा पिठासारखा. गाडी जिथे जिथे घासली होती तिथे तिथे अण्णांनी नाक्यावरच्या गॅरेजात नेऊन, खिशातून पैसे देऊन, रंग मारून आणला होता. गाडीचा विमा होता. दरवर्षी न चुकता हप्ता जायचा. पण त्या विम्यातून एक पैसा मागायचा नाही, हा घरचा नेम.

"क्लेम केला की बोनस गेला," अण्णा म्हणत. 'नो क्लेम बोनस' हे शब्द ते अशा आवाजात उच्चारत, की नवख्या माणसाला वाटावं हा सरकारदरबारी मिळालेला किताब आहे. विमा त्यांच्या लेखी शोकेसमधल्या काचेच्या कपांसारखा होता. घरात असावा, पाहुण्यांना दिसावा, त्यातून चहा मात्र प्यायचा नाही.

या घरात ऋतुजा कोथरूडहून सून होऊन आली होती. आता वय चोवीस, पदरात नऊ महिन्यांची मुक्ताई, आणि कोथरूडच्या एका शाळेत बालवाडीच्या बाईंची नोकरी. बाळंतपणाची रजा संपत आली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी गोड आवाजात निरोप दिला होता, "एक तारखेला या, नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल." शाळेच्या मागच्याच गल्लीत ऋतुजाचं माहेर. मुक्ताईला आजीपाशी ठेवायचं, मधल्या सुट्टीत जाऊन दूध पाजायचं, संध्याकाळी घेऊन परत. सगळं जुळलं होतं. प्रश्न फक्त मांजरी ते कोथरूड एवढाच होता, म्हणजे अख्ख्या पुण्याचा.

बसने एकदा करून पाहिलं. स्वारगेटला बस बदलताना एका हातात मुक्ताई, एका हातात पिशवी, दातांत तिकीट. मुक्ताईने तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांचा चष्मा ओढला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आपण घरी बसला असतात तर दोघांचीही सोय झाली असती." बस येईपर्यंत ऋतुजाने ठरवलं, गाडीच न्यायची. लायसन तिने गेल्याच वर्षी काढलं होतं. अण्णाही तेव्हा म्हणाले होते, "तूच चालव की, मी कुठं जातो आता."

आणि नेमकी त्याच महिन्याच्या अखेरीस पॉलिसी संपत होती.

सुदर्शन एजंट आला. हा माणूस विमा उतरवी, प्लॉट दाखवी आणि गरज पडल्यास स्थळही सुचवी. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "अण्णा, कंपनीची नवी स्कीम आलीय. आता गाडी कोण चालवणार त्याचं वय सांगावं लागतं. वहिनींचं वय?"

"चोवीस," ऋतुजा म्हणाली.

सुदर्शनने ओठ असे आत ओढले, जसं कुणी दुखणं सांगितल्यावर डॉक्टर ओढतात. "पंचविशीच्या आत. मग हप्ता जवळजवळ दीडपट. कंपनीच्या लेखी पंचविशीच्या आतला ड्रायव्हर म्हणजे वात पेटवलेला फटाका. कधी फुटंल नेम नाही."

"आणि पंचविसाव्या वाढदिवसाला काय होतं? वात विझते?"

"वहिनी, ते कॉम्प्युटरला विचारा."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "पैशाचा प्रश्न न्हाई," ते म्हणाले. हे वाक्य त्या घरात प्रश्न पैशाचा असला की बोललं जाई. "पर वाढीव हप्ता कशापायी? पंचवीस होऊ दे की. सहा म्हैन्यांनी चालव."

ऋतुजाने नवऱ्याकडे पाहिलं. साईनाथ कंपनीतून पहिली पाळी करून आला होता. "मी मध्ये पडत नाही," तो म्हणाला. साईनाथ हा घरातली एअरबॅग होता. आहे असं सगळे सांगत, उघडलेली कुणी पाहिली नव्हती.

ऋतुजा आत जाऊन मुक्ताईचे लंगोट घड्या करत बसली. गंमत अशी, की दवाखान्यातून हे साडेसहा पौंडांचं, मान न धरणारं, डोक्यावर मऊ टाळू असलेलं प्रकरण तिच्या हातात दिलं, तेव्हा कुणी वय विचारलं नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, "मान धरून उचल हं," की झालं लायसन. शाळेतली तीस लेकरं तिच्या ताब्यात असत, एकाचवेळी तिघांना शू लागे, तेव्हाही कुणी वाढीव काही मागितलं नव्हतं. पत्र्याच्या गाडीला मात्र पंचवीस वर्षांची पोक्त बाई हवी होती.

जाता जाता सुदर्शनने एक पळवाट सांगितली. कंपनीचं एक अॅप होतं, नाव 'सुखरूप'. ते मोबाईलमध्ये टाकायचं. महिनाभर ते लक्ष ठेवतं, ब्रेक कसा मारता, वळण कसं घेता, धक्के किती. रोज शंभरातले गुण देतं. महिनाअखेर गुण चांगले असले तर वय माफ. "आणि गुण पंच्याण्णवच्या वर गेले की ते शाबासकी देतं, चाळीसच्या खाली गेले की टोकायला लागतं," तो म्हणाला. "पण वहिनी, तुमच्यावर तशी पाळी कशाला येतीय."

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "कंपनी म्हणंल ते मला मान्य. गुण पडले तर चावी तुझी. न्हाई पडले तर पंचवीस होईतो बस घरी."

ऋतुजाने महिनाभर अशी गाडी चालवली, की तशी मांजरीत कुणी चालवलेली नव्हती. मागे खुर्चीत मुक्ताई झोपलेली, शेजारी सासूबाई, सोजरबाई. मुक्ताई झोपेत नुसती कुशीला वळली तरी ऋतुजाचा पाय अॅक्सिलरेटरवर हलका व्हायचा. कुठलाही खड्डा ती चोरपावलांनी ओलांडायची. मागून हॉर्नचा गजर. एकदा तर एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन विचारलं, "काकू, धक्का मारू का?"

"बघा," ती सोजरबाईंना म्हणाली, "कंपनीला मी लेकरू वाटते आणि याला काकू."

"कशाला लक्ष देतीस," सोजरबाई म्हणाल्या. "तुझ्या गाडीत माझा डोळा लागतो. ह्यांच्या गाडीत निसता देव आठवतो."

ते खरंच होतं. गावातला रस्ता रुंद झाला तेव्हा अण्णांच्या उसाची एक पट्टी त्यात गेली होती. मोबदला मिळाला, पण अण्णांच्या मनातून पट्टी गेली नाही. दुभाजकाचं वळण लांब होतं, म्हणून ते सरळ उलट्या बाजूने गाडी घालत. कुणी ओरडलं तर काच खाली करून सांगत, "हितं माझा ऊस व्हता!" समोरच्या ट्रकवाल्याला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

आणि तरीही ऋतुजाचे गुण घसरत गेले. पहिल्या आठवड्यात साठ. मग बावन्न. मग चव्वेचाळीस. रोज एकच तक्रार: जोराचे धक्के, धोकादायक वळणे, दीर्घकाळ बेफाम वाहन चालविणे. ऋतुजा चक्रावली. आपल्याला वाटतं हळू, पण आपण हळू नसूच का? रात्र रात्र जागून डोकं ठिकाणावर नाही का? आईपण असंही कुरतडतंच, त्यात आता कॉम्प्युटरचा दाखला.

जेवताना अण्णा म्हणाले, "यवढी मोठी कंपनी, खोटं बोलंल व्हय?" पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्यांनाही वाईट वाटत होतं. वाईट वाटलं की ते भाकरीचे फार बारीक तुकडे करत.

महिना संपायला एक दिवस उरला होता. दुपारी मुक्ताईला झोळीत घालून ऋतुजा अंघोळीला गेली. या झोपेची एक ठरलेली रीत होती. मुक्ताईला आईचा आवाज लागे आणि आईला तेवढ्या वेळात अंघोळ, धुणं, दोन घास उरकावे लागत. म्हणून ऋतुजाने आपली अंगाई मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. फोन झोळीत, गोधडीच्या घडीखाली, आणि झोळीची दोरी सासूबाईंच्या हातात. निदान ऋतुजाची तशी समजूत होती.

त्या दिवशी टाकीतलं पाणी संपलं. डोक्याला साबण तसाच, वर टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली आणि दारातच थबकली.

सासूबाई शेजारी गेलेल्या. दिवाणावर अण्णा, तोंडासमोर पेपर, आणि पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी. पायाने असा हिसका देत होते, की झोळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शेजारच्या पोपटशेठसमोर "पाळणे हलवायचं काम बायामाणसांचं" असं सांगणारे अण्णा. झोळीतून ऋतुजाचाच आवाज गात होता. मुक्ताई आत गाढ. आणि दोन कडव्यांच्या मध्ये दुसरीच एक बाई अदबीने बोलली:

"ताई, कृपया वेग कमी करा. आपण धोकादायक वळण घेतले आहे."

अण्णांनी पेपर खाली केला. "आता हे कुठलं कडवं?"

"ताई, आपले गुण अडतीस आहेत. वाहन बाजूला घ्या."

अण्णांनी घाबरून पाय थांबवला. झोळी थांबली. मुक्ताईने डोळे उघडले, परिस्थितीचा अंदाज घेतला आणि भोंगा लावला. अण्णांनी पुन्हा हिसका दिला. मुक्ताई गप्प, बाई सुरू. थांबवला, बाई गप्प, मुक्ताई सुरू.

"अण्णा," ऋतुजा दारातून म्हणाली, "रोज तुम्हीच?"

अण्णांनी दोरी झटकन सोडली, मग मुक्ताई रडते म्हणून पुन्हा धरली. "तिला हळू चालत न्हाई," ते पुटपुटले. "हळू हलवलं की टकाटका बघती माझ्याकडं."

ऋतुजाला चिडायचं होतं. साबणाचं पाणी डोळ्यात उतरत होतं, महिनाभराची शिक्षा या अंगठ्याने दिली होती, उद्या नोकरी जाणार होती. पण तो अंगठा, ती दोरी आणि ते चोरासारखं तोंड पाहून तिला हसू फुटलं ते आवरेना.

संध्याकाळी सुदर्शनला बोलावलं. त्याने कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. वाईट योग असा, की पोपटशेठही नेमके चहाला आलेले.

पलीकडची मुलगी म्हणाली, "गुण बदलता येत नाहीत, सर. पण सदर प्रवासात वाहन दुसऱ्या व्यक्तीने चालवलं असेल तर तिचं नाव नोंदवता येईल. कोण चालवत होतं?"

पोपटशेठांनी कान टवकारले. आता अण्णा "काय म्हाईत" म्हणाले असते तर कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. चावी त्यांच्या खिशात राहिली असती, पोपटशेठांसमोर मिशीही ताठ. ऋतुजाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती मुक्ताईच्या टोपीची नाडी बांधत राहिली.

"मी," अण्णा म्हणाले.

"आपलं नाव, वय?"

"मच्छिंद्र. बासष्ट."

"प्रवासाचं ठिकाण?"

"आमचा हॉल."

"वाहन कोणतं, सर?"

"झोळी."

"ते सिस्टीममध्ये नाही, सर. 'इतर' टाकते." टकटक आवाज आला. "झालं. ऋतुजा मॅडमचे गुण आता त्र्याण्णव आहेत. वयाचा वाढीव हप्ता माफ. मात्र मच्छिंद्र सर बेफाम चालक म्हणून नोंदले गेल्यामुळे वाढीव हप्ता त्यांच्या नावे लागेल."

"किती?"

"तेवढाच, सर."

पोपटशेठ खो खो हसले. "मच्छिंद्रा, झोळीचं लायसन काढलंस का रं?"

"तू नातीची शी धुतलीस का कधी?" अण्णा कडाडले. "मग बोल." आणि खिशातून चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. टेबलावरून ती मुक्ताईने उचलली व तोंडात घातली. ऋतुजाने तिच्या तोंडातून काढून घेतली, एवढाच काय तो हस्तांतराचा समारंभ.

एक तारखेला सकाळी ऋतुजा गाडीत बसली. मागे मुक्ताई आणि मुक्ताईशेजारी अण्णा. कंपनीने आता त्यांच्या फोनवर महिनाभरासाठी 'सुखरूप' टाकलं होतं. गुण सुधारले तरच वाढीव हप्ता उतरणार होता, म्हणून त्यांनी स्टेअरिंगला हात न लावण्याची शपथ घेतली होती. "शिवाय तुझ्या आईला तिची झोळी हलवायला जमंल का," असंही एक कारण त्यांनी जोडलं.

दुभाजकापाशी ते पुढे वाकले. "घाल की हिकडून. लांबून कशाला? हितं..."

"ऊस होता," ऋतुजा म्हणाली. "होता, अण्णा." आणि तिने गाडी लांबच्या वळणाकडे नेली.

स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली. अण्णांच्या खिशातून ती अदबशीर बाई बोलली, "अभिनंदन, मच्छिंद्र! आपण अत्यंत जबाबदारीने वाहन चालवत आहात. गुण, अठ्ठ्याण्णव."

"बघ," अण्णा म्हणाले. "ह्या वयात बी माणूस शिकतो."

ऋतुजाने आरशात पाहिलं. मुक्ताईने झोपेत ओठ काढले होते, आता रडणार असे. अण्णांनी घाईने खिशातला फोन काढला, अलगद लांबच्या टोकाला सीटवर ठेवला, आणि मगच तिच्या खुर्चीला हात लावून हळूहळू हलवायला लागले.